पाणकासवांसाठी महिनाभराची बाहेरची सोय: गच्ची की अंगण?

प्रश्न: उंबरठा (पुणे)

नमस्कार. आमच्याकडे नऊ वर्षांपासून दोन पाणकासवे आहेत. दोन्ही डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर जातीची आहेत. नराच्या कवचाची लांबी १४ सेंमी आणि मादीची १९ सेंमी आहे. एरवी ती दिवाणखान्यातल्या चार फुटी काचेच्या टाकीत राहतात. टाकीवर दिवा आणि फिल्टर आहे, त्यामुळे आजवर फारशी अडचण आली नाही. आता मात्र एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून घरातल्या दोन्ही न्हाणीघरांच्या आणि दिवाणखान्याच्या फरश्या उखडायच्या आहेत. काम चार आठवडे चालेल असे ठेकेदार सांगतो, म्हणजे आपण पाच धरू. फरशी कापण्याच्या यंत्राचा आवाज आणि ती पांढरी धूळ यांत कासवांना ठेवणे शक्य नाही, आणि भरलेली टाकी हलवता येत नाही.

माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला आमच्या इमारतीची गच्ची. सोसायटीच्या सचिवांनी महिनाभरासाठी एक कोपरा वापरायला परवानगी दिली आहे. दुसरा तळेगाव दाभाड्याला सासूबाईंच्या घराचे मागचे अंगण. ते साधारण १२ फूट बाय १५ फूट आहे. त्याच्या पश्चिमेला आंब्याचे मोठे झाड आहे आणि दक्षिणेला सहा फुटांची कुंपणभिंत आहे. जमीन मातीची आहे. गच्ची रोज डोळ्यांसमोर राहील, तळेगावला मात्र मला आठवड्यातून दोनदाच जाता येईल. बाकी दिवस सासूबाई पाहतील. त्या हौशी आहेत, पण वाकून जड काम करू शकत नाहीत.

सामान असे जमले आहे: जुन्नरच्या नातेवाइकांकडे शेततळ्यातून उरलेला ३ मीटर बाय २.५ मीटरचा काळा प्लास्टिकचा कागद, १५० जुन्या विटा, आणि हिरव्या शेडनेटचा एक मोठा तुकडा. विटा रचून आत कागद अंथरायचा आणि पाणी भरायचे, असा बेत आहे. दक्षिणेच्या भिंतीला लागून हौद केला तर दुपारची सावली आपोआप मिळेल, असेही वाटते.

हौद केवढा असावा? पाणी किती खोल ठेवावे? घार, मांजर आणि कासवांचे स्वतःचे पळून जाणे यांचा बंदोबस्त कसा करावा? आणि मुख्य म्हणजे, गच्ची की अंगण?

उत्तर १: रहाट (सातारा)

कासवांविषयी माझ्यापेक्षा जाणकार मंडळी येथे आहेत. मी इमारतींच्या नकाशांवर तीस वर्षे काम केले आहे, म्हणून वजनाविषयी आणि विटांविषयी तेवढे लिहितो.

कासव पाळणारे साधारणपणे कवचाच्या दर सेंटिमीटरमागे १५ लिटर पाणी धरतात. तुमच्या दोन कासवांची बेरीज ३३ सेंमी होते, म्हणजे सुमारे ५०० लिटर. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३५ सेंमी खोल असा हौद केला तर त्यात ५२५ लिटर पाणी मावते. आता हाच हौद गच्चीवर ठेवला तर काय होते ते पाहा. ५२५ किलो भार दीड चौरस मीटरवर येतो, म्हणजे दर चौरस मीटरला ३५० किलो, आणि त्यात विटांचे वजन अजून धरलेलेच नाही. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात, जेथे माणसांची ये-जा असते अशा सपाट छतासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरायला सांगितले आहे. लोक म्हणतात की गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतातच की. त्या टाक्या खांबांच्या आणि तुळयांच्या डोक्यावर, मुद्दाम बांधलेल्या आधारावर असतात. मधल्या स्लॅबवर नव्हे. १५ सेंमी पाणी म्हणजेच १५० किलो, हे ध्यानात ठेवले की गच्चीचा प्रश्न संपतो, कारण १९ सेंमीच्या मादीला १५ सेंमी पाणी पुरणारच नाही. परवानगी देणाऱ्या सचिवांनी हा हिशेब केला असेल असे मला वाटत नाही.

तेव्हा अंगण. मात्र तेथेही विटा नुसत्या एकावर एक रचून हौद उभा करू नका. ३५ सेंमी पाणी भिंतीला दर धावत्या मीटरमागे सुमारे ६० किलोच्या जोराने बाहेर ढकलते. चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेली साडेचार इंची भिंत तेवढ्या जोराला सरकते, आणि सरकते ती बहुधा रात्री. नऊ इंची रचायची म्हटले, म्हणजे विटेची लांबी भिंतीच्या जाडीत घातली, तर एका थराला सुमारे ५५ विटा लागतात आणि ३५ सेंमीसाठी पाच थर लागतात. तुमच्याकडे विटा आहेत १५०.

यावर उपाय सोपा आहे. एक वीत, म्हणजे २० सेंमी खोल खड्डा घ्या आणि जमिनीवर नऊ इंची भिंतीचे दोनच थर रचा. त्याला ११० विटा पुरतील. जमिनीवर पाण्याची उंची १५ सेंमीच राहिल्यामुळे तो ६० किलोचा जोर ११ किलोंवर येतो. खणलेली माती बाहेरच्या बाजूने विटांना टेकवून चोपून घ्या. उरलेल्या ४० विटा कासवांना पाण्याबाहेर ऊन खात बसायच्या ओट्याला वापरता येतील. कागदाचा हिशेबही जुळतो: दीड मीटर अधिक दोन्ही बाजूंच्या ३५-३५ सेंमी भिंती, अधिक कडेवरून बाहेर दुमडायला ३०-३० सेंमी, असे २.८ मीटर लागतात आणि रुंदीला २.३ मीटर. कागदाखाली जुनी गोणपाटे किंवा चाळलेली माती अंथरा. शेततळ्याच्या कागदाला वजन सहन होते, पण खालून टोचणारा एक खडा सहन होत नाही.

उत्तर २: पाचोळा (नागपूर)

रहाट यांनी अंगणाच्या बाजूने कौल दिला तो योग्यच आहे. परंतु उंबरठा यांच्या प्रश्नातले जे वाक्य वाचून मला काळजी वाटली ते दक्षिणेच्या भिंतीचे आहे, म्हणून आधी त्याविषयी.

मेच्या मध्यास पुणे परिसरात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. तुमचा संपूर्ण मुक्काम या दिवसाच्या आगेमागे आहे. डिसेंबरात जी सहा फुटी भिंत अर्धे अंगण सावलीत ठेवते, तीच भिंत मे महिन्यात दुपारी बारा ते अडीच या वेळात वीतभरही सावली देत नाही. उलट तापून रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. त्यामुळे हौद भिंतीपासून दूर घ्या. पश्चिमेचा आंबा मात्र खऱ्या उपयोगाचा आहे, कारण दोन वाजल्यानंतर त्याची सावली पूर्वेकडे सरकते. हौद झाडाच्या फांद्यांच्या घेराबाहेर, पण त्या दुपारच्या सावलीत येईल असा घ्या. थेट झाडाखाली घेतला तर मे महिन्यात कैऱ्या पडतील, आणि चार मीटरवरून पडलेली कैरी कासवाच्या डोक्यावर बसली तर हसण्यासारखे काही राहणार नाही.

मी हे सारे इतक्या पोटतिडकीने का लिहिते, तेही सांगते. सात वर्षांपूर्वी माझ्याकडे तीन लहान कासवे होती. त्यांना ‘थोडे ऊन मिळावे’ म्हणून मी त्यांना सकाळी ३० लिटरच्या निळ्या टबात घालून गॅलरीत ठेवले. तेव्हा तेथे सावली होती. फोन आला, त्यानंतर पाहुणे आले, आणि मी पावणेएकला गॅलरीत गेले तेव्हा ऊन टबावर येऊन तासाहून अधिक वेळ झाला होता. पाण्यात हात घातला तो मागे घ्यावा लागला. एक कासव टबाच्या कडेला पुढचे पाय लावून, मान पूर्ण बाहेर काढून, तोंड उघडून उभे होते. ते वाचले. उरलेली दोन तळाशी होती.

कासव हा थंड रक्ताचा प्राणी आहे, त्याला ऊन लागतेच, हे खरे. परंतु थंड रक्ताचा याचा अर्थ असा, की त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याएवढे होते आणि ते कमी करण्याचा त्याच्याकडे एकच उपाय असतो: तेथून निघून जाणे. टबात तो उपाय उरत नाही. म्हणून बाहेरच्या हौदाचे सारे गणित दोन गोष्टींभोवती फिरते. पहिली, पाणी भरपूर हवे, कारण ५०० लिटर पाणी तापायला ३० लिटरपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. दुसरी, सावलीतला भाग उन्हातल्या भागापेक्षा मोठा हवा.

शेडनेट बाजारात ५०, ७५ आणि ९० टक्क्यांची, म्हणजे तेवढे टक्के ऊन अडवणारी, मिळते. तुमचा तुकडा कोणता आहे ते पाहा. ७५ टक्क्यांची असेल तर हौदाच्या पश्चिमेकडील दोन तृतीयांश भागावर ती ताणा आणि पूर्वेचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेवा, म्हणजे सकाळी सात ते साडेनऊचे कोवळे ऊन त्यांना थेट मिळेल. या उन्हातले अतिनील किरण, ज्यांच्यामुळे कवचासाठी लागणारे ड जीवनसत्त्व शरीरात तयार होते, काचेतून आत येत नाहीत. घरातल्या खिडकीशी ठेवलेल्या टाकीला त्यांचा लाभ होत नाही तो यामुळेच. साडेनऊनंतर मोकळ्या भागावरही नेट ओढून घ्यावी. सासूबाईंना उभ्या उभ्या ओढता यावी अशी पडद्यासारखी दोरीवर लावली तर वाकण्याचा प्रश्न येणार नाही. नेट पाण्यावर टेकवू नका, निदान चार फूट उंच बांधा, म्हणजे खालून वारा खेळेल.

थर्मामीटर दोन ठेवा: एक उथळ बाजूला, एक तळाशी खोल बाजूला. पाणी सर्वाधिक तापते ते बाराला नव्हे, तर साडेतीन-चारला. २४ ते २८ अंश उत्तम. ३० च्या वर गेले तर थोडे पाणी काढून ताजे घाला. ३२ च्या वर टिकून राहिले तर कासवे उचलून घरात, न्हाणीतल्या गार फरशीवर ठेवलेल्या टबात न्या. बर्फ टाकू नका. अचानक गार करणेही त्यांना मानवत नाही.

उंबरठा:

दोघांचेही मनापासून आभार. गच्चीचा विचार सोडला. भिंतीच्या सावलीचा माझा अंदाज डिसेंबरातल्या भेटीवरून होता, हे आता लक्षात आले आणि थोडा खजील झालो.

दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या. मादी गेले दहा-बारा दिवस अस्वस्थ आहे: ओट्यावर येऊन मागच्या पायांनी खरवडत राहते, खाणे निम्म्यावर आले आहे आणि टाकीच्या काचेवर सारखी चढू पाहते. ऊन वाढले म्हणून असेल असे आम्ही समजत होतो. दुसरे, अंगणात उत्तरेच्या कुंपणाशी कण्हेर आणि पिवळी बिट्टी आहे. त्याने काही बिघडते का?

उत्तर ३: गोधडी (देवरुख)

आधी कण्हेर. बिघडते, आणि बरेच बिघडते. कण्हेर आणि बिट्टी या दोन्हींची पाने, फुले, चीक आणि बिया विषारी असून त्यांचा परिणाम हृदयावर होतो. पाणकासव पाण्यावर तरंगणारी हिरवी वस्तू चावून पाहिल्याशिवाय राहत नाही. हौद त्या कुंपणापासून शक्य तितका दूर घ्या आणि त्या बाजूच्या फांद्या महिन्यापुरत्या छाटा. सासूबाईंची देवाला फुले कमी पडतील, त्याला इलाज नाही. हौदात हिरवे हवेच असेल तर अझोला किंवा जलपर्णीची दोन-तीन रोपे सोडा. कासवे ती खातात आणि पाण्याला सावलीही मिळते.

मादीच्या वागण्यावरून मला तरी ती अंडी घालायला जागा शोधत असावी असे वाटते. नर बरोबर असो वा नसो, वयात आलेली मादी अंडी धरू शकते. तिला ओलसर, भुसभुशीत जमीन हवी असते. ती न मिळाल्यास काही माद्या अंडी अडवून धरतात आणि त्यातून जीवावर बेतते. त्यामुळे तळेगावचे अंगण हा तिच्यासाठी योगायोगाने चांगला उपाय ठरेल. हौदाच्या एका बाजूला, निदान दोन फूट बाय तीन फुटांच्या जागेत, वाळू आणि माती निम्मी-निम्मी मिसळून २५ सेंमी जाडीचा थर करा. तो मुठीत दाबला तर गोळा राहील इतपतच ओला ठेवा. पाण्यातून तेथे येण्यासाठी विटांचा उतार करा.

आता जमीन दिली की पळून जाणे आले, आणि येथे मला माझी चूक सांगणे भाग आहे. आमच्या परसात चिऱ्यांचा हौद होता आणि भोवती दीड फूट उंचीची कोंबडीची जाळी होती. मला वाटले, एवढेसे कासव जाळी कसे ओलांडणार? त्याने ती शिडीसारखी वापरली. नखे जाळीच्या भोकांत रुततात, आणि कोपऱ्यात तर दोन्ही बाजूंना पाय टेकायला मिळतात. ते कासव तीन दिवसांनी खालच्या वहाळात सापडले, तेही गुरे धुणाऱ्या मुलाने पाहिले म्हणून. सापडले हे माझे नशीब, आणि वहाळाचेही. ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत तिचे नाव आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच तिच्या आयातीवर बंदी घातली. आपल्या नद्यांतल्या देशी कासवांच्या उन्हाच्या जागा आणि अन्न ती बळकावते. तळेगावहून इंद्रायणी फार दूर नाही, हे लक्षात ठेवून कुंपण करा.

कुंपणाला जाळी नको, साधा गुळगुळीत पत्रा घ्या. १५ सेंमी जमिनीत पुरा आणि ४५ सेंमी वर ठेवा. चारही कोपऱ्यांवर पत्र्याचा एकेक त्रिकोणी तुकडा आतल्या बाजूला आडवा बसवा, कारण चढण्याचा प्रयत्न तेथेच होतो. ओटा, विटा किंवा कुंडी कुंपणापासून एक हात दूर ठेवा. १४ सेंमीचा नर १९ सेंमीच्या मादीच्या पाठीवर उभा राहिला तर किती उंच पोहोचतो, तेही मोजून पाहा. पत्र्याची कड कापते. बागेची जुनी नळी लांबीने उभी चिरून त्या कडेवर बसवली की सासूबाईंचा हात कापणार नाही.

जाळी वरून मात्र हवीच. घार आणि कावळा दिवसा येतात, मांजर आणि मुंगूस कधीही येतात, आणि घूस रात्री येऊन पाय कुरतडते. वरच्या झाकणाला अर्ध्या इंचाच्या भोकाची वेल्डेड जाळी लाकडी चौकटीवर ठोकून वापरा. कोंबडीची पातळ जाळी भटके कुत्रे पंज्याने फाडतात. झाकणाचे दोन तुकडे करा, म्हणजे एकेक हलके होईल, आणि प्रत्येकाला कडी लावा.

वळवाचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मे महिन्यात एखाद्या संध्याकाळी अर्ध्या तासात हौद काठोकाठ भरतो आणि कासवे पाण्याबरोबर कडेवर येतात. काठापासून चार बोटे खाली एका विटेच्या जागी पाइपचा तुकडा घालून जादा पाणी बाहेर जाण्याची वाट ठेवा, आणि त्याच्या तोंडावर जाळी बांधा.

उत्तर ४: ओसरी (नाशिक)

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते आणि आमच्याकडे कासवेही येतात. तिसऱ्या उत्तरातील अंड्यांविषयीचे मत मला पटते, परंतु त्यावर विसंबून थांबू नका. खाणे निम्म्यावर येऊन दहा-बारा दिवस झाले असतील तर तळेगावला नेण्यापूर्वी क्ष-किरण चित्र काढून घ्या. कवच असलेली अंडी त्यात स्पष्ट दिसतात, आणि ती किती आहेत हे कळले म्हणजे पुढे सगळी बाहेर आली की नाही हेही ठरवता येते. मागच्या पायांत अशक्तपणा, मागून रक्त, किंवा पूर्ण सुस्ती दिसली तर त्याच दिवशी वैद्याकडे न्यावे. घातलेली अंडी मातीत ठेवू नयेत. नर बरोबर आहे, त्यामुळे ती फलित असू शकतात, आणि महाराष्ट्रातल्या उन्हाळी मातीत दोन-अडीच महिन्यांत पिले निघतील; आणखी दहा स्लायडर कोणाला द्यायची हा प्रश्न मग तुमच्यापुढे उभा राहील. घातल्या दिवशीच ती काढून फ्रीझरमध्ये ठेवावीत.

प्रवासाविषयी कोणी लिहिले नाही. कासवांना पाण्याच्या बादलीत घालून नेऊ नका. गाडीच्या धक्क्यांनी ती आपटतात आणि उलटी पडल्यास लहान जागेत वळू शकत नाहीत. झाकणाला भोके पाडलेल्या खोक्यात ओला टॉवेल अंथरून, दोघांना वेगवेगळ्या खोक्यांत, गाडीच्या आतल्या भागात न्या. डिकीत नको. पहाटे निघालात तर उत्तम.

पाण्याविषयी थोडे. नळाचे पाणी एक दिवस उघड्यावर ठेवून मग घाला, किंवा क्लोरीन मारणारे औषध वापरा. उघड्यावर फिल्टरसाठी विजेची तार ओढण्यापेक्षा महिनाभर दर तिसऱ्या दिवशी एक तृतीयांश पाणी बदलणे मी अधिक सुरक्षित समजते. तार ओढायचीच असेल तर जोडणीवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारे बटण, असल्याशिवाय नको. पाणी नळीने काढताना नळी तोंडाने ओढू नका, पंप वापरा किंवा नळी आधी पाण्याने भरून घ्या. कासवे निरोगी दिसत असली तरी त्यांच्या विष्ठेतून माणसाला जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जिवाणू पडत असतात. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. सासूबाईंनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, आणि शेजारची पाच वर्षांखालील मुले कौतुकाने आली तरी त्यांना हौदात हात घालू देऊ नये. काढलेले पाणी आंब्याला द्या, पालेभाजीच्या वाफ्याला नको.

खायला रोज घालायची गरज नाही. मोठ्या कासवांना एक दिवसाआड गोळ्या आणि मधल्या दिवशी हिरवे पुरते. उरलेले अर्ध्या तासात काढून टाकले की मुंग्याही येत नाहीत आणि पाणीही टिकते.

एक इशारा. बागेत कासवे ठेवल्याचे कळले की पहिल्या पावसात कोणीतरी रस्त्यावर सापडलेले मऊ पाठीचे देशी कासव ‘तुमच्याकडे असू द्या’ म्हणून आणून देतो. ते घेऊ नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली ते संरक्षित आहे. वन विभागाला कळवावे.

उंबरठा:

उशिरा लिहितो आहे, पण मोजमापे हाती आल्यावरच लिहायचे ठरवले होते.

क्ष-किरण चित्रात मादीच्या पोटात सात अंडी दिसली. पशुवैद्यांनी इंजेक्शन न देता आधी जमीन देऊन पाहू असे सांगितले. हौद रहाट यांच्या मापाप्रमाणे खणला. खणताना एके ठिकाणी आंब्याचे मूळ आडवे आले, म्हणून तो एक हात पूर्वेला सरकवला. पत्र्याचे कुंपण, कोपऱ्यांचे त्रिकोण, चिरलेली नळी, दोन तुकड्यांचे झाकण हे सगळे दीड दिवसात झाले. कण्हेर छाटली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी जेमतेम बोलल्या.

पहिल्या आठवड्यात दुपारी पावणेचारला घेतलेली तापमाने उथळ बाजूला २९ ते ३०.५ आणि तळाशी २७ ते २८ अशी आहेत. एकदाच ३१ झाले. त्या दिवशी सासूबाई नेट ओढायला विसरल्या होत्या. नेट आता सायकलच्या ब्रेकच्या तारेवर पडद्याच्या कड्या लावून सरकती केली आहे. सहाव्या रात्री मादीने वाळू-मातीच्या कोपऱ्यात खड्डा केला आणि सकाळी तेथे सहा अंडी मिळाली. सातवे दुसऱ्या दिवशी पाण्यात सापडले. ती आता पूर्ववत खाते.

नराची तेवढी अडचण आहे. आठ दिवस झाले, तो ओट्यावर येतच नाही. दिवसभर जलपर्णीखाली बसून राहतो. हे चालेल का?

पाचोळा:

ओट्याचा उतार किती आहे? विटा पायऱ्यांसारख्या रचल्या असतील तर लहान कासवाला पहिलीच पायरी उंच पडते. मादी चढते म्हणून नर चढेलच असे नाही. शिवाय मादी ओट्यावर असेल तर तो तिला टाळत असेल. खालची एक वीट काढून तेथे एखादी खडबडीत फरशी तिरकी टेकवून पाहा, तिचे खालचे टोक पाण्यात बुडालेले असू द्या.

उंबरठा:

पायऱ्याच होत्या. खालची वीट काढली आणि शहाबादी फरशीचा फुटका तुकडा, खडबडीत बाजू वर करून, टेकवला. आज सकाळी सव्वाआठला सासूबाईंनी फोटो पाठवला आहे: तो फरशीच्या मधोमध, मान ताणून, मागचे दोन्ही पाय हवेत सरळ मागे पसरून बसला आहे.